ओढायचा रॅपर घ्यावा की थ्री पॉइंटचा? गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या गोठ्यांसाठी

वाळपईकर
आम्ही काही गोठेवाले मिळून मुरघासाच्या (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) गोल गाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा रॅपर घेणार आहोत. चारा दाबून गाठ बांधणारा बेलर ठरल्यातच जमा आहे, 1.2 मीटर व्यासाच्या गाठी काढणारा. माझा कौल ट्रॅक्टरमागे ओढायच्या रॅपरला. एवढी ओली गाठ सहज 600 किलो भरते. थ्री पॉइंटवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या उचलदांड्यांवर, यंत्र आणि गाठ दोन्ही टांगली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, आणि आमच्याकडे सपाट जमीन आहेच कुठे? ओढायच्या यंत्रात तो भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो. शिवाय बाजूच्या हाताने ते गाठ स्वतःच उचलून टेबलावर घेतं. कोणाचा विरोध असेल तर सांगा.

कुणग्यातला
आहे ना विरोध. वाळपईकरबाब, आपले कुणगे, म्हणजे भातशेतीचे तुकडे, ते केवढेसे! एक मेर (बांध) संपली की दुसरी. ट्रॅक्टर आणि मागे ही गाडी, वळवणार कुठे? मुळात रॅपर शेतात न्यायचाच कशाला? गाठी उघड्याच गोठ्याकडे आणा आणि रचायच्या जागी गुंडाळा. गुंडाळलेली गाठ जितकी हलवाल तितकं प्लास्टिक फाटणार. थ्री पॉइंटचा स्वस्त रॅपर अंगणात उभा करा, काम झालं.

वाळपईकर
आणि टेबलावर गाठ चढवणार कोण? लोडर घ्यावा लागला की तुमची स्वस्ताई तिथेच संपली. माझं यंत्रही अंगणात उभं राहू शकतं.

गोठेवाली, फोंडा
तुम्ही दोघं चाकांवर भांडताय, मला गाठीचाच आकार पटत नाही. गोठ्यात पाच गायी धरा. मुरघास दिवसाला गायीमागे 15 किलो, म्हणजे 75 किलो. 600 किलोची गाठ फोडली की आठ दिवस पुरवायची. आपल्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी हात घालून बघा, आत गरम लागेल, मग बुरशी. त्यापेक्षा 50-60 किलोच्या छोट्या गोल गाठी बऱ्या. त्यांचे बेलर आणि रॅपर दोन्ही मिळतात, दोन माणसं गाठ उचलतात. नाहीतर सरळ मुरघासाच्या पिशव्या भरा.

वाळपईकर
एक गाठ फोडून तीन गोठ्यांनी वाटून घ्यायची, असं ठरलंय आमचं.

गोठेवाली, फोंडा
रोज वाटायला जाणार कोण, तेही ठरवा.

पेडण्याचा
चाकं राहू द्या, आधी गुंडाळणार काय ते सांगा. भाताचं सुकं गवत असेल तर रॅपरचा उपयोग पाऊस अडवण्यापुरता. त्यात ओल नाही, साखर नाही, आंबणार काय? चवथीच्या दिवसांत बांधावरचं गवत रसरशीत असतं, पण ते सुकवायला ऊन नसतं. गाठीसाठी ओल निम्म्याच्या आसपास हवी. मूठभर गवत पिळल्यावर पाणी ठिबकलं तर ते अजून गाठीजोगं नाही. तसंच बांधलंत तर गाठ बसते, खालून पाणी सुटतं आणि वास असा येतो की गाय तोंड फिरवते. म्हणजे तुमचा हंगाम पाऊस सरल्यावरचा, आणि पीक बहुतेक नेपियर, ते उंच वाढणारं चाऱ्याचं गवत. त्याचे जून दांडे प्लास्टिकला आरपार भोकं पाडतात, म्हणून कोवळं कापा आणि चार नाही, सहा थर द्या. थर वाढले की प्लास्टिकचा खर्च दीडपट. तो दरवर्षीचा, यंत्राचा एकदाच. डीलर तुम्हाला चारच थरांचा हिशेब दाखवील.
म्हणून यंत्र ओढायचं असो वा टांगायचं, गुंडाळायची प्लास्टिक फिल्म किती ताणली जाते, फेरे मोजणारा काउंटर आहे का, शेवटी फिल्म कापून धरून ठेवतो का, हे बघा. ताण कमी-जास्त झाला की थर नीट चिकटत नाहीत, आणि हवा शिरते ती तिथूनच.

कुणग्यातला
कावळे आणि उंदीर राहिले.

पेडण्याचा
त्यांच्यासाठी रोज फेरी मारायची, भोक दिसलं की त्याच फिल्मसाठीची टेप लावायची. आणि गाठ उचलताना सुळा खुपसू नका, दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पकडच हवा. वाळपईकरबाब, डेमो मागाल तेव्हा सुक्या गवतावर घेऊ नका, नेपियरवरच घ्या, तोही तुमच्याच उताराच्या वाटेवर.