ॲक्रिया, टेलचिनिया की ॲक्टिनोटे?

कंपालाकर: नमस्कार मंडळी. नोकरीमुळे सध्या युगांडात आहे. घरामागच्या ओलसर गवतात प्लेन टायगर या केशरी फुलपाखरासारखी, पण लहान नि संथ उडणारी फुलपाखरं भरपूर दिसतात. ॲक्रिया एन्सेडॉन असावं. पण हीच जात एका यादीत ॲक्रिया वंशात, दुसरीत टेलचिनिया, तिसरीत ॲक्टिनोटे! फोटोंच्या फोल्डरवर काय लिहू?

पंखवेडा: ॲक्रिया लिहा नि मोकळे व्हा. डीएनएवाल्यांचा उद्योग आहे सगळा.

सुरवंटकाका: डीएनएवर कशाला खापर फोडता? फ्रेंच कीटकतज्ज्ञ झाक पिएर यांनी 1987 मध्ये शरीररचनेवरूनच या गोतावळ्याची फोड मांडली होती. 2008 च्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की आफ्रिकेतल्या बऱ्याच ‘ॲक्रिया’ दक्षिण अमेरिकेतल्या ॲक्टिनोटेच्या जास्त जवळच्या आहेत. मग एक तर सगळ्यांना ॲक्रियात घ्या, नाहीतर तो गट वेगळा काढा. वेगळा काढला तर कुणी त्याला ॲक्टिनोटेत घालतं, कुणी टेलचिनिया म्हणतं. दोन्ही नावं जुन्या काळच्या ह्यूब्नर या जर्मन कीटकतज्ज्ञानेच दिलेली. मला टेलचिनिया पटतं, कारण अळ्यांचं खाणंही बरंचसं त्याच बाजूने बोलतं. आपल्याकडची टॉनी कोस्टर ही जात कृष्णकमळाच्या वेलावर वाढते, ती ॲक्रियातच राहते. हिमालयातली यलो कोस्टर आग्या या खाजऱ्या वनस्पतीच्या कुळातल्या झाडांवर, ती टेलचिनियात जाते. तुमच्या एन्सेडॉनची अळी मात्र केना खाते. तिची तऱ्हाच वेगळी!

पण कंपालाकर, तुमची खरी अडचण पुढेच आहे. एन्सेडॉनसारखीच दिसणारी एन्सेडाना नावाची जात पिएर यांनी 1976 मध्ये वेगळी केली. पंखांच्या फोटोवरून दोघींत छातीठोकपणे फरक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. नराचं जननांग तपासावं लागतं, आणि तिकडे नर मिळायचीही मारामार! वोल्बाकिया जिवाणू नर अंड्यातच मारतो, त्यामुळे काही ठिकाणी जवळजवळ माद्याच असतात. कंपालाच्या मॅकेरेरे विद्यापीठात डेनिस ओवेन हे प्राणिशास्त्रज्ञ 1960 च्या दशकात याच माद्यांचा अभ्यास करत होते. जिवाणूचा छडा 1990 च्या दशकात लागला.

कंपालाकर: बाप रे! मग अळीवरून कळेल का? केना इथे नाल्याकाठी माजलाय.

सुरवंटकाका: बऱ्यापैकी. अळी केना खात असेल तर एन्सेडॉन, डेस्मोडियम हे शेंगाकुळातलं झुडूप खात असेल तर एन्सेडाना. पाल्यासकट फोटो टाका. आणि फोल्डरवर जातीचं नाव आधी लिहा, वंशाचं कंसात.