नुसतं तिकीट माफ करून भागत नाही

वर एकाने लिहिलंय की स्थानिकांना तिकीट माफ केलं की म्युझियम आपोआप भरतील. अर्धं पटलं. ब्रिटनने डिसेंबर २००१ मध्ये ज्या राष्ट्रीय म्युझियमना तोवर तिकीट होतं त्यांचीही एन्ट्री फुकट केली आणि गर्दी वाढली हे खरंय, पण आपल्याच गावातलं न बघण्याचं कारण बऱ्याचदा पैसे नसतातच हो, 'जाऊ कधीतरी, कुठे पळून जातंय' हे असतं, मग पाहुणे आले की त्यांच्या निमित्ताने जातो आणि त्यांच्याआधी आपणच थक्क होतो.

दुसरं म्हणजे वेळ. ऑफिस सुटायच्या आत यांचं दार बंद, मग जाणार कधी? बर्लिनमध्ये १९९७ पासून एका रात्री उशिरापर्यंत एकाच तिकिटात कितीतरी म्युझियम बघता येतात, तसं काहीतरी १८ मेला, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाला तरी करा की.

आणि ती लेबलं! 'मातीचे भांडे, काळ अमुक' एवढंच. अरे, काचेला नाक लावून बघितलं तर कधीकधी त्या भांड्यावर कुंभाराच्या बोटाचा ठसा अजून दिसतो, ते लिहा ना, पोरं तिथून हलणार नाहीत.