४ आणि ७ वर्षांच्या मुलांना घरच्या प्रार्थनेला कसं बसवता?

नगरची_लेक_पुण्यात
जय ख्रिस्त सगळ्यांना. माझं माहेर नगरचं, लग्नानंतर पुण्यात. माहेरी रोज रात्री जेवणाआधी कुटुंबप्रार्थना असायचीच, आधी एक गीत, मग पप्पा आख्खा अध्याय वाचणार, मग आळीपाळीने सगळ्यांनी प्रार्थना करायची आणि मम्मीचं आमेन येईपर्यंत भाकरी गार. तेव्हा कंटाळा यायचा पण आता तेच हवंसं वाटतं. म्हणून आमच्याकडे जूनपासून सुरू केलं तर लेक (७) दुसऱ्या मिनिटाला "झालं का आमेन" विचारते आणि धाकटा (४) सोफ्याखाली. मग मिस्टर चिडतात, आवाज चढतो, आणि प्रार्थना सुरू होते शांतीची आणि संपते भांडणात 🙈

दुसरं म्हणजे भाषा. दोघं इंग्लिश मीडियमला. परवा स्तोत्र २३ घेतलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही", तर लेक म्हणे उणे म्हणजे वजाबाकीतलं मायनस ना? मला काय बोलावं सुचेना.

संडे स्कूलला जातात पण तिथे चित्र रंगवून घरी येतात, विचारलं काय शिकलात तर "मेंढी". सासूबाई म्हणतात मोबाईलवर बायबलच्या गोष्टी लावून दे, लावल्या, पण पाच मिनिटांनी बघितलं तर भलतंच कार्टून चालू. तर तुमच्या घरात नक्की काय चालतं ते सांगा. उपदेश नको, तो रविवारी मिळतो.

बालवर्गाची_टीचर
ताई, चार वर्षांच्या पोराला आख्खा अध्याय? आधी ते बंद करा. मी १४ वर्षं शब्बाथशाळेत (म्हणजे संडे स्कूलच) बालवर्ग घेतेय, पाच मिनिटांच्या वर गेलं की माझ्याकडेपण सोफ्याखालीच जातात, फरक एवढाच की आमच्याकडे बाक आहेत.

माझं पहिलं वचन ठरलेलं असतं, योहान ११:३५, "येशू रडला". दोनच शब्द, पाठ करायला एक मिनिटपण लागत नाही. मग विचारायचं का रडला बरं? त्याचा मित्र लाजर मेला होता. की लगेच हात वर, टीचर मी पण रडलो, टीचर आमचा मोती मेला तेव्हा पप्पापण रडले. पुढे मला काही बोलावंच लागत नाही. तुमच्या लेकीला स्तोत्र ११७ द्या, दोनच वचनांचं आहे, सगळ्या स्तोत्रांत छोटं, आठवड्यात पाठ होतं आणि "मला आख्खं स्तोत्र येतं" म्हणून मिरवता पण येतं.

आणि उणे म्हणजे मायनस हे बरोबरच बोलली की ती! तिथूनच लूक १५ वर जा, हरवलेल्या मेंढराची गोष्ट. शंभर उणे एक किती? नव्व्याण्णव. मेंढपाळ म्हणतो का चला नव्व्याण्णव आहेत, पुष्कळ झाले? नाही ना, तो त्या एकाला शोधायला निघतो. घरात शंभर राजमा मोजून घ्या आणि एक लपवा, धाकटा सोफ्याखालून आपोआप बाहेर येईल.

गोष्टी मात्र निवडून सांगा हां. नोहाची महापुराची गोष्ट आपण हत्ती-जिराफ म्हणून सांगतो पण कधीतरी पोरं विचारतातच बाकीचे लोक कुठे गेले, त्याची तयारी ठेवा. आणि अब्राहाम-इसहाकाची गोष्ट, बाप मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो ती, झोपताना अजिबात नको, माझ्या वर्गातला एक मुलगा ती ऐकून पप्पांबरोबर सिंहगडावर जायला तयार होईना.

वसईचा_बाबा
आम्ही कॅथलिक, आमच्याकडे रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, तिचे पाच भाग, त्यांना रहस्यं म्हणतात. आईच्या काळात पाचही रहस्यं गुडघ्यावर, आम्ही पोरं तिसऱ्यापासून डुलक्या घ्यायचो. आता मी मुलांबरोबर एकच रहस्य करतो, म्हणजे दहा वेळा 'नमो मरिया' प्रार्थना, आणि प्रत्येक मण्याला एक नाव. हा मणी नानीच्या गुडघ्यासाठी, हा रिक्षावाल्या काकांसाठी, हा शाळेतल्या त्या मारकुट्या मुलासाठी (हे नाव पोरगी स्वतःहून घेते, चेहरा मात्र रागाचाच असतो 😄). हाताला काहीतरी पाहिजे लहान मुलांना, नुसते हात जोडून बसा म्हटलं की झालं.

आणि वर्षभराचे सण वापरा ना. नाताळच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी टोपलीत नाचणी पेरतो, पाणी घालायचं काम पोरांचं, हिरवंगार झालं की गोठ्यात गवत म्हणून ठेवायचं. बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात. रोज विचारतात आज ठेवायचा का. ती वाट बघणं म्हणजे काय हे धर्मशिक्षणाच्या वर्गात मला कोणी इतकं नीट शिकवलं नव्हतं.

भाषेचं म्हणाल तर आम्ही घरात कादोडी, म्हणजे आमची वसईकडची बोली, बोलतो, पोरं आपापली प्रार्थना कादोडीतच करतात, कधी मध्येच इंग्लिश. चालतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून येऊन मराठी शिकले आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण ओव्यांत छापून दिलं, का तर इथल्या लोकांना आपल्या भाषेत ऐकता यावं. मग आपण पोरांच्या भाषेत थोडं उतरलो तर काय बिघडलं.

पाळकाचा_मुलगा
थोडं कडू बोलतो, पास्टरच्या घरात वाढलोय. आमच्या घरी प्रार्थनेत डोळा लागला की कान पिळला जायचा. मी कॉलेजला गेल्यावर जवळजवळ वीस वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. आईवडिलांना अजून वाटतं मित्रांनी बिघडवलं.

पण एक गोष्ट राहिली. वडील पहाटे पाचला स्वयंपाकघरात स्टुलावर बसून एकटेच पुटपुटत प्रार्थना करायचे आणि मी गोधडीत पडून ऐकायचो. एकदा माझं नाव ऐकू आलं, माझा गणिताचा पेपर होता. ते आम्हाला शिकवण्यासाठी चाललेलं नव्हतंच, त्यांना माहीतपण नव्हतं मी जागा आहे. मी परत आलो तो त्या स्टुलामुळे. तुमच्या मिस्टरांना सांगा पोरं नाही बसली तर नाही बसली, त्यांनी स्वतः बसावं. आणि ओरडले तर नंतर पोरांसमोरच सॉरी म्हणावं, आमच्याकडे ते कधी झालं नाही.

आजी_संगमनेर
बाळा सासूबाईंना नावं ठेवू नको, कामाला लाव. २ तीमथ्य १:५ काढून बघ, पौल आपल्या तरुण सहकाऱ्याच्या, तीमथ्याच्या, विश्वासाचं बोलताना आधी आजी लोईसचं नाव घेतो, मग आई युनीकेचं. मोबाईल काढून घे आणि हातात टाळ दे. आपल्याकडे वाचनाआधी गाणं होतं. कवी ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं ते उगीच नाही, आमच्या खेड्यातल्या अर्ध्या बायांना वाचता येत नव्हतं पण 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली गीतं तोंडपाठ. माझा नातू तीन वर्षांचा असताना शब्द चुकीचे म्हणायचा, ठेका बरोबर धरायचा. मी शब्द दुरुस्त केले नाहीत, पुढे आपोआप झाले.

अवघड वाटलं तर सोप्या मराठीतलं बायबल मिळतं ते घे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत भाषांतर केलं ते याचसाठी, साध्या बायांना कळावं म्हणून. त्या गेल्यावर १९२४ साली ते छापून आलं. शंभर वर्षं होऊन गेली आणि आपण अजून पोरांपुढे जड वाचतो.

नगरची_लेक_पुण्यात
सगळ्यांना थँक्यू, दोन आठवड्यांनी अपडेट देतेय. राजम्याची आयडिया हिट, पण एक राजमा अजूनही सापडलेला नाही आणि लेक रोज रात्री तो शोधल्याशिवाय झोपत नाही, माझीच चूक. "येशू रडला" पाठ झालं, आता धाकट्याला मार बसला की तो आम्हाला हेच वचन ऐकवतो. मिस्टरांना पाळकाचा_मुलगा यांचं वाचायला दिलं, काही बोलले नाहीत, पण रविवारी आळंदीच्या बाजूला काम होतं तिथून टाळ घेऊन आले. सासूबाई गातात, पोरं बडवतात. अजूनही मधेच उठून पळतात, पण काल सोफ्याखालून आमेन ऐकू आलं. आणि खालच्या मजल्यावरच्या काकू आज लिफ्टमध्ये विचारत होत्या, हरिपाठ सुरू केला का घरी, छान वाटतं हो ऐकायला.