2008 : अमेरिकी गृहकर्जांचे रोखे आपल्याकडे नव्हते, तरी मुंबईत रुपयांची टंचाई का झाली?

मेघमल्हार :
सर्वांना नमस्कार. एम.ए.च्या वर्गासाठी 2008 च्या जागतिक वित्तीय संकटावर आणि उदयोन्मुख अर्थव्यवस्थांनी त्याला दिलेल्या प्रतिसादावर टिपण तयार करताना मी एका ठिकाणी अडले आहे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक 15 सप्टेंबर 2008 रोजी कोसळली, तेव्हा अमेरिकी गृहकर्जांवर बेतलेले रोखे भारतीय बँकांकडे जवळजवळ नव्हतेच आणि त्या वर्षीच्या मार्चअखेर आपली परकीय चलनाची गंगाजळी सुमारे 310 अब्ज डॉलर होती. तरीही महिना उलटण्याच्या आत मुंबईत बँका एकमेकींना एका रात्रीपुरते जे पैसे देतात, त्यांचा दर 20 टक्क्यांच्या आसपास गेला. तुटवडा डॉलरचा असताना रुपये कुठे गेले? शिवाय रिझर्व्ह बँकेने मग जे केले, तेच इतर उदयोन्मुख देशांनीही केले असे समजावे का?

जुना_रोखपाल :
त्या काळात मी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत काम करीत होतो, त्यामुळे शुक्रवार, 10 ऑक्टोबरचा दिवस चांगलाच आठवतो. पडद्यावर मागणारे दिसत होते, देणारा कुणी नव्हता आणि ज्यांच्याकडे शिल्लक होती तेही सोमवारी आपल्यालाच लागेल म्हणून हात आखडून बसले होते.

रुपये तीन वाटांनी गेले. पहिली वाट बहुतेकांना ठाऊक आहे : परकीय गुंतवणूकदारांनी शेअर विकले आणि आलेल्या रुपयांचे डॉलर करून ते बाहेर नेले. जानेवारीत 21,000 ओलांडलेला सेन्सेक्स 27 ऑक्टोबरला काही काळ 8,000 च्या खाली होता. दुसरी वाट कमी लिहिली जाते. आपल्या मोठ्या कंपन्या तोवर परदेशातून सहज कर्ज काढत होत्या. तो झरा आटताच त्या देशी बँकांच्या दारात आल्या, आणि ज्या म्युच्युअल फंडांत त्यांनी अल्पमुदतीचे पैसे ठेवले होते तिथूनही ते एकाच वेळी काढू लागल्या. म्हणजे आपल्या बँकांचा परदेशी रोख्यांशी संबंध नव्हता हे खरे, पण आपल्या ग्राहकांचा परदेशी पैशाशी संबंध होता. तिसरी वाट रिझर्व्ह बँकेची स्वतःची : रुपया सावरण्यासाठी ती डॉलर विकते, तेव्हा खरेदीदाराकडून मिळालेले रुपये तिच्या तिजोरीत जाऊन बाजारातून नाहीसे होतात. रुपया वाचवायला जावे तर रुपयाचाच दुष्काळ पडतो.

यावरचा उपाय मात्र संकटाच्या आधी करून ठेवलेला होता, आणि तुमच्या टिपणात या मुद्द्याला सर्वांत जास्त जागा मिळावी असे मला वाटते. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना डॉलरचा पूर येत होता, तेव्हा 2004 पासून बाजार स्थिरीकरण योजनेखाली सरकारी रोखे विकून जादा रुपये शोषून घेतले जात आणि ते पैसे सरकारला खर्च न करू देता वेगळे ठेवले जात. रोख राखीव प्रमाणही (बँकांना ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) चढत्या क्रमाने 9 टक्क्यांवर नेले होते. सुगीत भरलेले हे पेव दुष्काळात उपसता आले. डी. सुब्बाराव 5 सप्टेंबरला गव्हर्नर झाले आणि त्यांना दहा दिवसही उसंत मिळाली नाही. पण रोख राखीव प्रमाण 9 वरून जानेवारीपर्यंत 5 टक्क्यांवर आले, रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे पैसे देते तो) 9 वरून एप्रिल 2009 पर्यंत 4.75 टक्क्यांवर आला आणि स्थिरीकरणाचे रोखे परत घेऊन रुपये मोकळे केले गेले. 10 ऑक्टोबरला जाहीर झालेल्या दीड टक्क्याच्या कपातीनेच सुमारे 60,000 कोटी रुपये सुटणार होते. 9 टक्के साठवलेलेच नसते, तर सोडायला काय होते?

दूरदेशी :
रोखपालांचे विवेचन भारतापुरते मान्य आहे. सर्वांनी हेच केले, हे मात्र टिपणात कृपया लिहू नये. हंगेरीत त्याच आठवड्यात नेमके उलटे घडले. आपण 20 ऑक्टोबरला रेपो दर 9 वरून 8 टक्क्यांवर आणला आणि 22 ऑक्टोबरला हंगेरीच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर एका फटक्यात 8.5 वरून 11.5 टक्क्यांवर नेला. तिथल्या कुटुंबांनी व्याज कमी म्हणून घरांसाठी स्विस फ्रँकमध्ये कर्जे घेतली होती. पगार फोरिंट या तिथल्या चलनात आणि हप्ता फ्रँकमध्ये असल्यावर चलन घसरले की हप्ता घरबसल्या वाढतो, त्यामुळे मंदी दारात असतानाही त्या बँकेला चलन राखणे भाग होते. पुढे नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून 20 अब्ज युरोंचे साहाय्य घ्यावे लागले आणि 2009 मध्ये अर्थव्यवस्था 6 टक्क्यांहून अधिक आकसली.

दक्षिण कोरियाचे उदाहरण याहून बोलके आहे. 1997 च्या आशियाई चलनसंकटाने पोळलेल्या त्या देशाने 200 अब्ज डॉलरहून मोठी गंगाजळी साठवली होती, तरी वॉन हे त्याचे चलन कोसळले, कारण तिथल्या बँकांवर अल्पमुदतीचे परकीय कर्ज फार होते. अखेर 29 ऑक्टोबरला फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कोरिया, ब्राझील, मेक्सिको आणि सिंगापूर यांना प्रत्येकी 30 अब्ज डॉलरची चलन-अदलाबदलीची सोय (आपले चलन देऊन ठरावीक मुदतीसाठी डॉलर घेण्याची) जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी वॉन सावरला. त्या यादीत भारत नव्हता. तेव्हा गंगाजळी किती, हे पाहताना परतफेडीची तारीख कुणाची आणि केव्हा, हेही विचारावे लागते.

फाउंड्रीवाला :
कोल्हापूरजवळ आमची छोटी फाउंड्री आहे. ट्रकच्या सुट्या भागांचे ओतकाम करतो. नोव्हेंबर 2008 मध्ये तीन पाळ्यांची एक पाळी झाली आणि तयार माल पोत्याखाली झाकून आवारात पडला. डिसेंबरमध्ये अबकारी कर 14 वरून 10 टक्के झाला, फेब्रुवारीत 8 टक्के झाला आणि त्याचा आधार आम्हाला खरोखर जाणवला, कारण तो थेट बिलावर दिसत होता. रेपो दराचे तसे नव्हते. वर दर निम्मा झाला, तरी आमच्या बँकेने कॅश क्रेडिटचे, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचे, व्याज एक टक्काही उतरवले नाही आणि मॅनेजर साहेबांकडे विचारले की ‘वरून परिपत्रक आलेले नाही’ हे ठरलेले उत्तर मिळे. धोरण जाहीर होणे आणि ते शिरोलीच्या एमआयडीसीपर्यंत पोहोचणे, यांत किती अंतर असते, तेही टिपणात यावे.

जुना_रोखपाल :
आपली तक्रार रास्त आहे. बँकांनी जुन्या ठेवी चढ्या दराने घेतलेल्या होत्या आणि कर्जाच्या दराची तेव्हाची पद्धतही अपारदर्शक होती; ती बदलून बेस रेट, म्हणजे बँकेचा कर्जाचा किमान दर, आला तो जुलै 2010 मध्ये.

मेघमल्हारताई, आणखी एक भर घालतो. पेव उपसणे जमले, पण हात वेळेवर थांबवणे जमले नाही. शेतकरी कर्जमाफी आणि सहावा वेतन आयोग यांचा खर्च लेहमनच्या आधीच ठरलेला होता. त्यावर करकपातीची भर पडून राजकोषीय तूट 2007-08 मधील अडीच टक्क्यांवरून दोन वर्षांत 6 टक्क्यांच्या वर गेली. 2009 चा पाऊस सरासरीहून 22 टक्के कमी पडला, त्यामुळे पुढच्या महागाईचे सगळे खापर धोरणावर फोडणे योग्य नाही. तरीही रेपो दर पहिल्यांदा वाढला तो मार्च 2010 मध्ये, आणि तेव्हा घाऊक महागाई 10 टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. 2012-13 मध्ये चालू खात्यावरील तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या 4.8 टक्के झाली. मे 2013 मध्ये फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी तिची रोखेखरेदी आवरती घेण्याचे नुसते सूतोवाच केले आणि ऑगस्टअखेर डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला. या वेळी पेव बरेचसे रिकामे होते, त्यामुळे आधी व्याजदर चढवावे लागले आणि मग अनिवासी भारतीयांच्या ठेवी सवलतीने आणवून डॉलर गोळा करावे लागले. 2008 चा धडा शिकवताना 2013 गाळले, तर धडा अर्धाच राहतो.

मेघमल्हार :
आपणा सर्वांची आभारी आहे. टिपणाची मांडणी आता ‘संकटानंतर काय केले’ ऐवजी ‘आधी काय साठवले आणि नंतर केव्हा थांबवले’ अशी करते. एक शंका उरते : करकपात मागे घ्यायला उशीर का झाला? विरोध नेमका कुणाचा होता?

फाउंड्रीवाला :
आमचाच. फेब्रुवारी 2010 च्या अर्थसंकल्पात 8 चे 10 टक्के झाले, तेव्हा आवारातला माल केव्हाच उठला होता आणि तिसरी पाळी परत सुरू झाली होती. तरी ‘उद्योग अजून सावरलेला नाही’ असे निवेदन आम्ही दिले, आणि त्यावर माझीही सही आहे.