मदत हवी आहे: पॉवर सप्लाय आणि ग्राफिक्स कार्ड निवडताना

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात वास्तुरचनेच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये एका साध्या घराचे रेंडर (मॉडेलवरून अंतिम चित्र) करायला आमच्या संगणकाला रात्रभर लागते. प्रोसेसर इंटेल आय५-१०४०० असून रॅम १६ जीबी आहे, मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. कार्ड आणि पॉवर सप्लाय मिळून ३०,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल.

काल कॅबिनेट उघडून पाहिले, तेव्हा जुन्या पॉवर सप्लायवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले आढळले. पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे फक्त १६ अँपिअर लिहिले आहेत, म्हणजे प्रोसेसर व कार्ड ज्यावर चालणार त्या वाहिनीला जेमतेम १९२ वॅट मिळतात. त्यामुळे तो बदलायचा, हे मी नक्की केले आहे.

तापकीर गल्लीतील एका दुकानदाराने एएमडीचे आरएक्स ६६०० हे कार्ड सुचवले. ते सुमारे १३२ वॅट घेते आणि त्याला ८ पिनांची वेगळी जोडणी लागते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी कार्ड ७० वॅटमध्ये, बहुधा मदरबोर्डच्या स्लॉटच्याच विजेवर चालते, शिवाय ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्सचा (रेंडर वेगाने करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राचा) लाभ देते. म्हणून माझा कल तिकडे आहे. पण अभ्यासाच्या मोठ्या मॉडेलांना ६ जीबी मेमरी पुरेल का? आणि पुढे मोठे कार्ड घेता यावे म्हणून आताच ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला) सप्लाय घ्यावा का? हे काम प्रत्यक्ष करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.