हळदीचं दूध हेही नॅनोच

'नॅनो-हळद वगैरे रसायनांचे चोचले, आपलं हळदीचं दूध बरं' असं एका चर्चेत कुणीतरी लिहिलंय. नॅनो-हळद म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, अतिसूक्ष्म कणांत भरून ते जास्त शोषलं जावं असा प्रयत्न. गंमत म्हणजे दूधच नॅनोवाहक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून पदार्थ वाहून नेणारं, आहे! त्यातलं केसिन हे प्रथिन साधारण 100 ते 200 नॅनोमीटरच्या गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळायला जवळजवळ तयारच नसतं, पण केसिनच्या पाण्यापासून फटकून राहणाऱ्या भागांना ते छान चिकटतं.

प्रयोगशाळेत मला जास्त आवडतं ते मक्यातलं झीन. हे प्रथिन पाण्यात विरघळत नाही, 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यातच कर्क्युमिन मिसळायचं आणि ते द्रावण भराभर ढवळत्या पाण्यात धारेनं सोडायचं. अल्कोहोल पातळ होताच झीन कर्क्युमिनला पोटात घेऊन बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं. भांड्यात दिसतं फक्त पिवळं, दुधाळ पाणी. नुसते कण पीएच 6 च्या (किंचित आम्ल) आसपास एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, म्हणून वरून केसिनेट (केसिनचं पाण्यात विरघळणारं रूप) किंवा पेक्टिनचा (फळांतल्या चिकट पदार्थाचा) थर देतात. कोळंबीच्या टरफलांपासूनचं कायटोसानही चालतं, पण मग शाकाहारी लेबल विसरा.

आता नॅनो-हळदीच्या जाहिरातींबद्दल. आतड्याची भिंत आणि यकृत कर्क्युमिनचं झपाट्यानं रूपांतर करून टाकतात, ते या कणांनी थांबत नाही. त्यामुळे 'शोषण अमुक पट' वाचलं की साध्या कर्क्युमिनच्या शोषणाचा मूळ आकडा किती होता ते आधी बघा. बहुतेकदा तो शून्याच्या शेजारीच असतो.