प्रतिसाद : अख्खं एलए पेटलं नव्हतं

वर कुणीतरी लिहिलंय की जून २०२५ मधे स्थलांतरितांवरच्या धाडींविरुद्धच्या निदर्शनांत अख्खं लॉस एंजेलिस पेटलं होतं म्हणून नॅशनल गार्ड (राखीव सैनिक) पाठवावे लागले. साफ चूक आहे हे. मी तेव्हा तिथेच होतो, डाउनटाउनपासून वीसेक मैलांवर. जाळपोळ झाली, वेमोच्या विनाचालक गाड्या जळाल्या, ते मी नाकारत नाही, पण मेयरनी कर्फ्यू लावला तो डाउनटाउनच्या साधारण एक चौरस मैलापुरता, आणि शहर आहे सुमारे ५०० चौरस मैलांचं! टीव्हीवर मात्र त्याच जळक्या गाड्या दिवसभर फिरवून फिरवून दाखवत होते, सांगलीहून मावशीचा रडत फोन आला, म्हणाली निघून ये तिकडून.

खरी गोष्ट कॅमेऱ्यात आलीच नाही. धाडींच्या धास्तीने आमच्या गल्लीत बागकाम करणारे काका तीन आठवडे आले नाहीत, होम डेपो या बांधकाम-सामानाच्या दुकानाच्या पार्किंगमधे सकाळी कामासाठी थांबणारी माणसं दिसेनाशी झाली. आणि इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो, ११ जुलैला फेडरल न्यायाधीशांनी आदेश दिला होता की इमिग्रेशन अधिकाऱ्यांनी नुसता वंश, स्पॅनिश बोलणं किंवा उच्चार, कारवॉश-बसस्टॉपसारखी जागा आणि कामाचा प्रकार एवढ्यावरून कुणाला अडवायचं नाही. ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्याला ६-३ ने स्थगिती दिली. उच्चारावरून संशय घ्यायचा तर माझा पण उच्चार आहेच की, तेव्हापासून मी ग्रीन कार्ड पाकिटातच ठेवतो. जळक्या गाड्यांपेक्षा ही बातमी मला शंभरपट मोठी वाटते, पण भारतातल्या माझ्या एकाही नातेवाईकाला ती माहीत नाहीये.